इन्सुलिन पंप: आधीच्या पायऱ्यांचे काय?

14 नोव्हेंबर हा दिवस भारतात बालदिन म्हणून साजरा होतो आणि जगभर मधुमेह दिन म्हणून. पहिल्याचे निमित्त पंडित नेहरूंचा जन्मदिवस, तर दुसऱ्याचे निमित्त इन्सुलिनच्या शोधातील अग्रणी फ्रेडरिक बँटिंग यांचा. एकाच तारखेला शाळांत मुलांचे कौतुक होते आणि इस्पितळांत प्रौढांची साखर मोजली जाते. या दोन्ही उपक्रमांच्या मधोमध उभे असलेले मधुमेही मूल मात्र बहुधा कोणाच्याच नजरेत येत नाही. अलीकडे त्याच्याविषयी जी काही चर्चा होते, ती एका यंत्राभोवती फिरते: इन्सुलिन पंप. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने डिसेंबर 2023 मध्ये सेन्सर आणि पंप एकत्र जोडणाऱ्या अर्धस्वयंचलित प्रणालीची शिफारस टाइप 1 मधुमेह असलेल्या सर्व मुलांसाठी केली, आणि एप्रिल 2024 पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने तिची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी हाती घेतली. भारतातील महानगरांतही अशा प्रणाली मिळू लागल्या आहेत. साहजिकच पालक विचारू लागले आहेत, की रोजच्या चार सुया टोचाव्यात की पंप लावावा?

हा प्रश्न मुंबई-पुण्यात विचारला तर त्याचे एक उत्तर येते. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपुरात विचारला तर दुसरेच येते, आणि त्या दुसऱ्या उत्तरात गोव्यासारख्या छोट्या राज्याला घेण्यासारखे बरेच आहे.

गोव्याएवढाच एक जिल्हा

तापीकाठचे बुऱ्हाणपूर एके काळी खानदेश सुभ्याची राजधानी होते. मराठी आणि हिंदी, खानदेश आणि निमाड यांच्या सांध्यावरचे हे गाव आज यंत्रमाग, केळी आणि मावा जिलेबीसाठी ओळखले जाते. 15 ऑगस्ट 2003 रोजी खंडवा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 3,400 चौरस किलोमीटर आहे. गोव्याचे 3,702. आकाराने दोन्ही जवळपास सारखेच. 2011 च्या जनगणनेनुसार बुऱ्हाणपूर जिल्ह्याची लोकसंख्या 7 लाख 58 हजारांच्या घरात होती, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून किंचित अधिक. दक्षिणेला महाराष्ट्राचे जळगाव, बुलढाणा आणि अमरावती हे जिल्हे लागून आहेत. खकनार आणि नेपानगरच्या डोंगराळ पट्ट्यात कोरकू, भिलाला, बारेला समाजाची वस्ती आहे.

साम्य इथे संपते. गोव्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून निघालेला रुग्ण काही तासांत बांबोळीला पोहोचतो. बुऱ्हाणपूरच्या रुग्णाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे तर सुमारे 70 किलोमीटरवरचे खंडवा किंवा सुमारे 100 किलोमीटरवरचे जळगाव. बालकांच्या अंतःस्रावी ग्रंथींचा तज्ज्ञ हवा असेल तर बहुधा सुमारे 180 किलोमीटरवरच्या इंदूरची वाट धरावी लागते. पत्रादेवीपासून पोळेपर्यंतचा अख्खा गोवा ओलांडला तरी एवढे अंतर होत नाही.

आजाराचे स्वरूप

टाइप 1 मधुमेहाचा मुलाच्या खाण्यापिण्याच्या सवयींशी वा पालकांच्या लाडांशी संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यानंतर बाहेरून इन्सुलिन मिळाले नाही तर मूल जगत नाही. 1922 च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचण्यात आले, तोपर्यंत हे निदान म्हणजे मृत्यूची तारीखच होती. संशोधकांनी आपले एकस्व नाममात्र एका डॉलरला टोरंटो विद्यापीठाच्या हवाली केले, ते औषध सर्वांना मिळावे म्हणून. शंभर वर्षे उलटल्यावरही ते सर्वांना मिळत नाही, ही या विषयातील पहिली वस्तुस्थिती.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अहवालानुसार 19 वर्षांपर्यंतच्या टाइप 1 रुग्णांची सर्वाधिक संख्या भारतात आहे: सुमारे 2 लाख 29 हजार. हे राष्ट्रीय प्रमाण ढोबळमानाने लावले तर बुऱ्हाणपूर जिल्ह्यात अशी शंभर ते सव्वाशे मुले असावीत. हा केवळ अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरीही त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ही संख्या एका वहीत मावणारी आहे. प्रत्येक मुलाचे नाव, गाव, शाळा आणि औषधाची गरज एका जिल्हा रुग्णालयाला माहीत असू शकते, इतकी ती लहान आहे.

पंप आणि सुई: नेमका फरक

निरोगी शरीरात इन्सुलिन दिवसभर मंद धारेने झरत असते आणि जेवणाच्या वेळी तिला भरती येते. दोन्ही उपचारपद्धती याचीच नक्कल करतात. सुयांच्या पद्धतीत दिवसातून एकदा दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारे इन्सुलिन दिले जाते. दिवसाला चार म्हटल्या तरी वर्षाला 1,460 सुया. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. कमरेला लावलेले छोटे यंत्र त्वचेखालच्या बारीक नळीतून ते थेंबाथेंबाने सोडते आणि जेवणापूर्वी कळ दाबून जादा मात्रा देता येते. नळीची जागा दोन-तीन दिवसांनी बदलायची असते. 1960 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला पंप पाठीवर वाहून नेण्याच्या पिशवीएवढा होता. आजचा खिशात मावतो. त्याला साखर मोजणारा सेन्सर जोडला की यंत्र धार स्वतःच कमी-अधिक करते. यालाच अर्धस्वयंचलित प्रणाली म्हणतात.

फायदे उघड आहेत. सुया कमी होतात, मात्रा अर्ध्या युनिटाहूनही बारीक करता येते, रात्री साखर कोसळण्याची धास्ती घटते. दोन वर्षांच्या मुलाने ताटातला अर्धा घास टाकून दिला तरी आई-वडिलांचा हिशेब कोलमडत नाही.

पुरावा काय सांगतो

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा अभ्यास म्हणजे अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 या काळात झालेली ‘डीसीसीटी’ चाचणी. तिच्यात 13 ते 39 वर्षे वयाचे 1,441 रुग्ण होते. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली तर डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी, मूत्रपिंडाच्या विकाराचा 50 टक्क्यांनी आणि मज्जातंतूंच्या विकाराचा 60 टक्क्यांनी घटतो, असे तिने दाखवले. मात्र काटेकोर उपचार घेणाऱ्या गटातील काहीजण पंपावर होते आणि काहीजण दिवसाला तीन किंवा अधिक सुयांवर, हे सहसा सांगितले जात नाही. फायदा झाला तो काटेकोरपणाचा. वारंवार साखर तपासणे, त्यानुसार मात्रा बदलणे आणि पाठीशी डॉक्टर, परिचारिका व आहारतज्ज्ञ असणे, हे त्याचे घटक होते.

मुलांपुरता थेट मुकाबला ब्रिटनमध्ये झाला. इंग्लंड आणि वेल्समधील 15 केंद्रांत नव्याने निदान झालेल्या 293 मुलांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे पंप किंवा सुया देण्यात आल्या. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की एका वर्षानंतर पंपावरच्या मुलांची साखर अधिक चांगली राहिली नव्हती, आणि खर्च मात्र वाढला होता.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि लक्झेंबर्ग येथील 30 हजारांहून अधिक तरुण रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पंप वापरणाऱ्यांत साखर धोकादायकरीत्या कोसळण्याचे प्रमाण दर शंभर रुग्णवर्षांमागे 9.55 होते, सुया घेणाऱ्यांत 13.97. रक्तात आम्ल साचण्याच्या कीटोॲसिडोसिस या जीवघेण्या गुंतागुंतीचे प्रमाणही पंपावर कमी होते: 3.64 विरुद्ध 4.26. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए1सी मात्र 8.04 आणि 8.22 टक्के, म्हणजे फरक अल्प.

या दोन निष्कर्षांत दिसतो तेवढा विरोध नाही. ब्रिटिश अभ्यास निदानानंतरच्या पहिल्या वर्षाचा होता. त्या काळात स्वादुपिंड थोडेफार काम करत असते आणि कुठलीही पद्धत बऱ्यापैकी निभावते. मध्य युरोपातील नोंदी जुन्या रुग्णांच्या आहेत आणि तेथे यंत्र, साहित्य व प्रशिक्षणाचा खर्च विमा उचलतो. सेन्सर जोडलेल्या नव्या प्रणालींनी पंपाचे पारडे आणखी जड केले आहे, हेही मान्य करायला हवे. मात्र या साऱ्या अभ्यासांत एक समान धागा आहे. पंपावरचे मूल असो की सुईवरचे, दोघांच्याही हाती पुरेशा पट्ट्या होत्या, इन्सुलिन कधी तुटत नव्हते आणि अडचण आली की बोलायला माणूस होते.

भारतातील लहान शहरांत आणि खेड्यांत ‘सुया’ या शब्दाचा अर्थच वेगळा असतो. अनेक ठिकाणी मुलाला दिवसातून दोनदा मिश्र इन्सुलिनचे ठरावीक माप दिले जाते. साखर महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी तपासली जाते आणि माप तेच राहते. ही पद्धत वरील कुठल्याही अभ्यासात पंपाच्या समोर उभी केलेली नव्हती. म्हणून बुऱ्हाणपुरात पंप की सुया हा प्रश्न विचारण्याआधी ‘कोणत्या सुया?’ हे विचारणे भाग पडते.

महिन्याचा हिशेब

तीस किलो वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण 30 युनिट इन्सुलिन लागते, म्हणजे महिन्याला 900. मानवी इन्सुलिनच्या एका कुपीत 400 युनिट असतात. सरकारने किंमत नियंत्रित केलेली ही कुपी दोनशे रुपयांच्या आत मिळते. तीन कुप्यांचे सहाशे रुपये धरावेत. खरा खर्च पुढे आहे. दिवसातून चार वेळा साखर तपासायची तर महिन्याला 120 पट्ट्या लागतात आणि एका पट्टीला पंधरा रुपये धरले तरी 1,800 रुपये होतात. सुया आणि सिरिंज मिळून आणखी काहीशे. म्हणजे जीव वाचवणारे औषध स्वस्त आणि ते किती द्यायचे हे सांगणारी पट्टी तिप्पट महाग! यंत्रमागावर काम करणाऱ्या वा केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या कुटुंबात पहिली कात्री कुठे लागते, हे सांगायला नको. सप्टेंबर 2025 मध्ये ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह असले तरी या हिशेबात त्याने फारसा फरक पडत नाही.

सेन्सरसह येणाऱ्या स्वयंचलित पंपाची किंमत पाच लाखांच्या पुढे जाते आणि दरमहाच्या नळ्या, जलाशय व सेन्सर यांचा खर्च काही हजारांत असतो. वरच्या हिशेबाने महिन्याला सुमारे 2,700 रुपये धरले तर जिल्ह्यातील अंदाजे सव्वाशे मुलांना वर्षभर इन्सुलिन, पट्ट्या आणि सुया मोफत देण्यास साधारण चाळीस लाख रुपये लागतील. तेवढ्याच पैशांत फार तर आठ पंप येतील, आणि त्यांचा मासिक खर्च वेगळाच.

पंप अडखळतो कुठे

पैशाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, एखाद्या दात्याने पंप दिला असे धरले, तरी अडचणी संपत नाहीत. पंपावरच्या मुलाच्या शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठाच नसतो. नळी वाकली, सुटली किंवा बॅटरी संपली आणि ते लक्षात आले नाही, तर काही तासांत कीटोॲसिडोसिस सुरू होऊ शकते. सुया घेणाऱ्या मुलाची एक मात्रा चुकली तर मूळ साठा त्याला थोडा तरी अवधी देतो. म्हणून पंप देणारे प्रत्येक चांगले केंद्र सोबत सुया, इन्सुलिन आणि रात्री-बेरात्री उचलला जाणारा दूरध्वनी देते. इंदूर सुमारे 180 किलोमीटर दूर असताना खकनारच्या एखाद्या पाड्यावर या तीनपैकी किती गोष्टी हाताशी असतील?

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि म्हणूनच अधिक घातक. भारतात सरकारी रुग्णालयांत आणि दुकानांत सर्वाधिक मिळणारी कुपी मिलिलिटरला 40 युनिटची असते. पंप आणि पेन यांना 100 युनिटचे इन्सुलिन लागते. साठा संपला म्हणून कोणी 40 ची कुपी पंपात भरली, तर यंत्र दाखवेल पूर्ण मात्रा आणि शरीरात जाईल तिच्या 40 टक्के. उलट 100 चे इन्सुलिन 40 च्या लाल टोपणाच्या सिरिंजने दिले तर मात्रा अडीचपट होते आणि मूल बेशुद्ध पडू शकते. ही चूक टाळण्यासाठी यंत्र उपयोगी नाही. औषध देणाऱ्या, ते घेणाऱ्या आणि टोचणाऱ्या अशा तिघांचे शिक्षण लागते.

तिसरी गोष्ट उन्हाची. उन्हाळ्यात बुऱ्हाणपूरचा पारा 42 अंशांच्या वर जातो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते, आणि ज्या घरात फ्रिज नाही तिथे पालक धास्तावतात. येथे मात्र विज्ञानाने दिलासा दिला आहे. न उघडलेले काही प्रकारचे मानवी इन्सुलिन 25 अंशांपर्यंत सहा महिने आणि 37 अंशांपर्यंत दोन महिने परिणामकारक राहते, असे 2023 मधील कॉक्रेन समीक्षेत नमूद आहे. पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात कुपी ठेवण्याची जुनी युक्ती त्यामुळे कामाची ठरते. कुपी मडक्यात ठेवता येते; अंगावर लावलेला पंप भर उन्हात शेतात वावरणाऱ्या मुलाबरोबर तापतो.

चौथी अडचण सीमेची. बुऱ्हाणपूरचा माणूस बाजारहाट, सोयरिक आणि दवाखाना या तिन्हींसाठी रावेर-भुसावळ-जळगावकडे सहज जातो. राज्य सरकारांच्या योजना मात्र सीमेवर थांबतात. मुलाचा डॉक्टर एका राज्यात आणि मोफत औषधाचा हक्क दुसऱ्या राज्यात, अशी फारकत होते. ज्या आजारात उपचार एक दिवसही थांबू शकत नाही, त्यात ही फारकत परवडणारी नाही.

योजनांमधली फट

केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 पासून पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजची पट्टी, रोजची सुई तिच्यात बसत नाही. परिणामी इन्सुलिन न मिळाल्याने मूल अतिदक्षता विभागात पोहोचले की शासन खर्च करायला तयार, आणि ते तिथे पोहोचू नये म्हणून लागणारे महिन्याचे अडीच-तीन हजार मात्र कुटुंबाच्या माथी.

मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरला सुरू झाला. त्याच्या मूळ 30 आजारांच्या यादीत मधुमेह नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा तपासणीवरचा मुख्य भर तीस वर्षांवरील प्रौढांवर. एका कार्यक्रमात मुले आहेत तर मधुमेह नाही. दुसऱ्यात मधुमेह आहे तर मुले नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांतही टाइप 1 चा समावेश नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जून 2022 मध्ये टाइप 1 साठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्याच वर्षी ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आले. कागदावर पाया घातला गेला आहे. तो जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीपर्यंत पोहोचणे हे खरे काम आहे.

त्याहूनही आधीचे काम निदानाचे. सतत तहान, वारंवार लघवी, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, झपाट्याने घटणारे वजन, ही लक्षणे कृमी, अशक्तपणा वा मूत्रमार्गाचा संसर्ग यांच्या नावावर खपतात. कीटोॲसिडोसिसमधील धापेला न्यूमोनिया आणि पोटदुखीला आंत्रपुच्छाचा दाह समजले जाते. आजारी मुलाच्या बोटातील रक्ताचा एक थेंब प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळीच तपासला गेला, तर त्या गोंधळाचा निकाल मिनिटभरात लागतो. ज्या मुलाचे निदानच झाले नाही, त्याच्यासाठी पंप आणि सुई हा वादच संभवत नाही.

शाळेची घंटा आणि डबा

मूल दिवसाचे सहा तास शाळेत असते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये अशी सूचना केली, की डॉक्टरांचा सल्ला असल्यास मधुमेही मुलांना वर्गात आणि परीक्षेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळेला खाऊ द्यावे. उत्तर प्रदेशने त्याच वर्षी त्यानुसार आदेश काढला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2017 पासूनच परीक्षागृहात खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली आहे. या मुभेची माहिती गावातील शिक्षकाला नसेल तर ती कागदावरच राहते, आणि मूल शौचालयात लपून सुई घेते किंवा घेतच नाही. पंपाचे एक आकर्षण हेच आहे की तो सुई लपवतो. पण लपवण्याची गरज निर्माण करणारा संकोच यंत्राने जात नाही. उलट, कमरेचे यंत्र मोबाइल समजून जप्त झाले तर प्रसंग जिवावर बेतेल.

मुलींच्या बाबतीत हा संकोच अधिक खोल आहे. लग्न जमणार नाही या भीतीने निदान नातेवाइकांपासून दडवले जाते आणि दडवलेल्या आजाराचा उपचार नेहमीच अर्धवट राहतो.

आहाराचेही तेच. पंप असो वा सुया, खाण्यातील कर्बोदके मोजता आली नाहीत तर मात्रा ठरत नाही. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम कर्बोदके असतात, हे केळीच्या जिल्ह्यातील आईला ठाऊक हवे. ज्वारीची भाकरी, वरण-भात, मांडे, जिलेबी यांची मापे तिच्या भाषेत आणि तिच्या वाटी-ताटाच्या मापात मिळाली तरच ती उपयोगी पडतात.

ज्यांनी पायऱ्या बांधल्या

हे अशक्य नाही, याची उदाहरणे देशातच आहेत. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 मध्ये स्थापन केलेल्या ‘ड्रीम ट्रस्ट’ने गरीब घरांतील मधुमेही मुलांना, विशेषतः मुलींना, इन्सुलिन, तपासणी आणि शिक्षण यांचा आधार दिला. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ संस्थेने मराठवाड्यातील मुलांसाठी तेच काम केले. दोन्ही ठिकाणी पाया होता नियमित पुरवठ्याचा आणि समुपदेशनाचा.

पण स्वयंसेवी संस्थेवर एखाद्या जिल्ह्याचे भवितव्य सोपवता येत नाही. पश्चिम बंगालने जिल्हा पातळीवरील सरकारी रुग्णालयांत टाइप 1 साठी दवाखाने उभारले आणि मोफत इन्सुलिन व साखर तपासणीची सोय त्यांच्याशी जोडली. केरळच्या सामाजिक सुरक्षा मिशनची योजना ‘मिठाई’ याच नावाने, मल्याळममध्ये ‘मिट्टायी’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात इन्सुलिन पेन, सातत्याने साखर मोजणारे सेन्सर आणि गरजेनुसार निवडक मुलांना पंप दिले जातात. केरळचा हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. तिथे पंप आहे, पण तो पायऱ्या चढून गेल्यावर येतो.

तोच क्रम बुऱ्हाणपूरला लागू पडेल. पहिली पायरी वेळेवर निदान आणि न तुटणारे इन्सुलिन. दुसरी पुरेशा पट्ट्या आणि दिवसातून दोन ठरावीक मापांऐवजी चार बदलत्या मात्रांचे शिक्षण. तिसरी सेन्सर, निदान पाच वर्षांखालील आणि वारंवार साखर कोसळणाऱ्या मुलांसाठी. चौथी पंप, ज्यांना चांगल्या सुयांनीही भागत नाही त्यांच्यासाठी.

या क्रमाचा अर्थ गरिबाच्या मुलाने सुईवरच समाधान मानावे असा काढता कामा नये. तान्ह्या मुलाला लागणारी अर्ध्या युनिटाहून बारीक मात्रा सिरिंजने देताच येत नाही, मग ते मूल यंत्रमाग कामगाराचे असो वा कारखानदाराचे. पंपाचा हक्क गरजेवरून ठरायला हवा, आणि तो खरा व्हायचा तर आधीच्या तीन पायऱ्या शासनाने बांधलेल्या असायला हव्यात. त्यांच्याविना दिलेला पंप छायाचित्रापुरता उरतो आणि साहित्य संपले की कपाटात जातो.

गोव्यासाठी अर्थ

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण गोव्यात 26.4 टक्के आढळले, देशात सर्वाधिक. ही आकडेवारी मुख्यतः टाइप 2 ची आहे. तिच्या सावलीत मुलांचा मधुमेह झाकला जाण्याचा धोका गोव्यात म्हणूनच सर्वांत मोठा. मधुमेह म्हणजे चाळिशीनंतरचा, आरामाच्या आयुष्याचा आजार, ही समजूत जितकी घट्ट, तितके सात वर्षांच्या मुलाचे निदान उशिरा.

राष्ट्रीय प्रमाण लावले तर गोव्यात अशी मुले साधारण अडीचशेच्या आसपास असावीत. एक वैद्यकीय महाविद्यालय, आटोपशीर अंतरे आणि गावागावांत पोहोचलेली आरोग्य केंद्रे असलेल्या राज्याला एवढ्या मुलांची नावनिशीवार नोंद ठेवणे, प्रत्येकाच्या पट्ट्यांची जबाबदारी घेणे आणि त्यांच्या शाळेतील एका शिक्षकाला साखर कोसळल्यावर काय करायचे हे शिकवणे कठीण नाही. पेडणे असो वा काणकोण, ज्या मुलाला गरज आहे त्याला पंप देण्याइतकी ऐपतही या राज्याची आहे. बुऱ्हाणपूरकडे अंतराची, सीमेची आणि उन्हाची सबब आहे. गोव्याकडे त्यातली एकही नाही.